जुन्या डिझेल पिकअपमधील नेहमीचे बिघाड: निदान आणि दुरुस्तीविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही उत्तरे कोणत्या गाड्यांना लागू होतात?

ज्या पिकअपचा डिझेल पंप पूर्णपणे यांत्रिक आहे, म्हणजे रोटरी किंवा इनलाइन पंपातून प्रत्येक नोझलकडे (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणाऱ्या भागाकडे) स्वतंत्र पोलादी नळी जाते, अशा गाड्या समोर ठेवून ही उत्तरे लिहिली आहेत. १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून कॉमन रेल पद्धत, म्हणजे सर्व नोझलांना एकाच सामायिक उच्च दाबाच्या नळीतून (रेलमधून) डिझेल देणारी पद्धत, रूढ होऊ लागली. त्या गाड्यांना येथील कूलिंग, ब्रेक, क्लच आणि चासीविषयीची माहिती लागू पडते. मात्र चालू इंजिनावर नळीचा नट सैल करून तपासण्याचा उपाय त्यांच्यावर कधीही करू नये, कारण रेलमधील दाब १००० बारच्याही वर जातो. यांत्रिक पंपाचा दाब तुलनेने कमी असला, तरी नोझलमधून सुटणारा फवारा कातडी भेदून आत शिरू शकतो. त्याची जखम टाचणी टोचल्याएवढीच दिसते, पण आतील पेशी मरतात; म्हणून असे झाल्यास दुखणे सुरू होण्याची वाट न पाहता तातडीने रुग्णालय गाठावे.

बिघाड शोधण्याची सुरुवात कोठून करावी?

पाना हातात घेण्याआधी काही गोष्टी लिहून काढाव्यात: त्रास थंड इंजिनावर होतो की गरम झाल्यावर, रिकाम्या गाडीत होतो की भार असताना, अचानक सुरू झाला की हळूहळू वाढत गेला, आणि त्याआधी गाडीला कोणी, कोठे हात लावला होता. शेवटचा प्रश्न बहुतेक जण विसरतात, आणि पुष्कळदा उत्तर तेथेच असते. फिल्टर बदलल्यानंतर दोन दिवसांनी गाडी बंद पडू लागली असेल, तर पंपाकडे पाहण्याआधी फिल्टरची सील रिंग पाहिली पाहिजे.

त्यानंतर बॅटरी आणि अर्थिंग (बॅटरीचे ऋण टोक चासीला व इंजिनाला जोडणारी पट्टी), मग डिझेलचा पुरवठा, मग हवा, मग हीटर प्लग (थंड इंजिन सुरू करताना आतली हवा तापवणारे विजेचे प्लग), आणि सर्वांत शेवटी पंप, नोझल व कॉम्प्रेशन (सिलिंडरमध्ये दाबलेल्या हवेचा दाब) असा क्रम ठेवावा. जे तपासायला पैसे लागत नाहीत ते आधी, आणि जे उघडल्यावर परत बसवणे कठीण ते शेवटी, एवढाच त्यामागचा विचार आहे. पंप काढून दुरुस्तीला पाठवण्याचा सल्ला फार लवकर दिला जातो असे माझे ठाम मत आहे. पंप चांगलाच टिकाऊ असतो. त्याच्यापर्यंत स्वच्छ आणि हवाविरहित डिझेल पोहोचते आहे याची खात्री होईपर्यंत त्याला दोष देऊ नये.

सेल्फ मारल्यावर इंजिन जड फिरते. बॅटरी बदलावी का?

आधी मोजावे. काही तास उभ्या असलेल्या गाडीत पूर्ण भरलेली बॅटरी साधारण १२.६ व्होल्ट दाखवते, १२.२ व्होल्टच्या आसपास ती निम्मी रिकामी झालेली असते. सेल्फ फिरत असताना व्होल्टेज ९.६ च्या खाली जात असेल, तर बॅटरी दुबळी आहे किंवा सेल्फ गरजेपेक्षा जास्त करंट ओढतो आहे. बॅटरीच्या टोकांवर व्होल्टेज चांगले राहूनही इंजिन जड फिरत असेल, तर दोष केबलमध्ये किंवा अर्थिंगमध्ये असण्याची शक्यता मोठी.

अर्थिंग तपासण्यासाठी मीटरचे एक टोक बॅटरीच्या ऋण खांबावर आणि दुसरे इंजिनाच्या उघड्या धातूवर धरावे व दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगावे. ०.३ व्होल्टपेक्षा जास्त दिसले, तर वाटेत कोठेतरी अडथळा आहे. जुन्या पिकअपमध्ये तो बहुधा अर्थिंगची पट्टी चासीला जेथे बोल्टने आवळलेली असते तेथे सापडतो. बोल्ट वरून घट्ट असतो, पण पट्टी उचलली की खाली तांबूस गंजाची पूड आणि त्याखाली रंगाचा थर दिसतो. तेवढी जागा धातू चमकेपर्यंत घासावी, पट्टी आवळावी आणि मग वरून ग्रीस लावावे. ग्रीस आधी लावू नये. डिझेल इंजिनात ठिणगी नसते, दाबलेल्या हवेच्या उष्णतेवरच डिझेल पेटते, आणि ही उष्णता निर्माण व्हायला इंजिन पुरेशा वेगाने फिरावे लागते. त्यामुळे जड सेल्फ हा किरकोळ दोष नसून इंजिन सुरू न होण्याचे ते स्वतंत्र कारण आहे.

सेल्फ जोरात फिरतो, पण इंजिन सुरूच होत नाही. आता काय पाहावे?

सेल्फ फिरत असताना दुसऱ्या माणसाने सायलेन्सरच्या तोंडाकडे पाहावे. धूर अजिबात येत नसेल, तर डिझेल सिलिंडरपर्यंत पोहोचतच नाही. पांढरा धूर येत असेल, तर डिझेल पोहोचते आहे पण पेटत नाही. मग हीटर प्लग, कॉम्प्रेशन किंवा पंपाचे टायमिंग (डिझेल फवारण्याची नेमकी वेळ) यांकडे वळावे. या एका निरीक्षणाने निम्मे काम वाचते.

धूर नसल्यास प्रथम पंपावरील स्टॉप सोलेनॉइड (चावी बंद केल्यावर डिझेल तोडणारा विजेचा व्हॉल्व्ह) तपासावा. चावी चालू केल्यावर त्यातून स्पष्ट ‘टक’ असा आवाज यायला हवा. आवाज नसेल तर त्याच्या वायरवर बॅटरीएवढे व्होल्टेज येते का ते मोजावे. व्होल्टेज येत नसल्यास फ्यूज, चावीचा स्विच किंवा वायर यांत दोष आहे. व्होल्टेज येऊनही आवाज नसल्यास सोलेनॉइड गेला आहे. सोलेनॉइड ठीक असेल, तर फिल्टरवरचा हातपंप दाबून पाहावा. काही वेळ दाबल्यावर तो कडक व्हायला हवा. तो सतत पोकळ लागत असेल, तर टाकी रिकामी आहे, टाकीतील जाळी चोंदली आहे किंवा वाटेत हवा शिरते आहे.

लाइनमधील एअर काढण्यासाठी फिल्टरच्या डोक्यावरचा स्क्रू सैल करून बुडबुड्यांविना डिझेल येईपर्यंत हातपंप मारावा आणि पंप चालू ठेवूनच स्क्रू आवळावा. नंतर नोझलकडील नळ्यांचे नट अर्धा फेरा सैल करून सेल्फ मारावा. नटांभोवती डिझेल झिरपू लागले की ते आवळावेत. एका वेळी १५ सेकंदांहून जास्त सेल्फ मारू नये आणि मध्ये त्याला थंड होऊ द्यावे. एअर काढण्याच्या घाईत सेल्फ जळाल्याची उदाहरणे कमी नाहीत.

गाडी संध्याकाळी उत्तम चालते, पण सकाळी सुरू होऊन लगेच बंद पडते. असे का होते?

हे लक्षण बहुधा डिझेलच्या लाइनमध्ये हवा शिरल्याचे असते. टाकीपासून पंपापर्यंतचा भाग ओढीखाली, म्हणजे पंपाच्या शोषणाखाली, असतो. त्यात भेग पडली तर डिझेल बाहेर गळण्याऐवजी हवा आत जाते. म्हणून असा सांधा बाहेरून कोरडा ठणठणीत दिसतो आणि ‘गळती कोठेच नाही’ असे म्हणून तो सोडून दिला जातो. रात्रभर गाडी उभी राहिली की डिझेल टाकीकडे उतरते. सकाळी पंपात उरलेल्या डिझेलवर इंजिन काही क्षण चालते आणि मग हवेचा गोळा येऊन ते बंद पडते. चढावर तोंड करून उभ्या केलेल्या गाडीत हा त्रास वाढतो.

खात्री करण्यासाठी फिल्टर आणि पंप यांमध्ये पारदर्शक नळीचा एक तुकडा जोडावा. इंजिन चालू असताना नळीच्या वरच्या बाजूने बारीक बुडबुड्यांची माळ सरकताना दिसली, तर हवा फिल्टरमधून किंवा त्याच्या अलीकडून येते आहे. आता स्वच्छ डिझेलने भरलेला डबा पंपापेक्षा उंच, गरम भागांपासून दूर ठेवून त्यातून थेट पंपाला पुरवठा द्यावा. गाडी अशी रात्रभर ठेवून सकाळी नीट सुरू झाली, तर पंप निर्दोष ठरतो आणि शोध टाकी, नळ्या, हातपंप आणि फिल्टर एवढ्यापुरता उरतो. फिल्टरखालचा पाणी काढण्याचा स्क्रू आणि त्याची छोटी रबरी रिंग या ठिकाणी सहसा कोणाचे लक्ष जात नाही. नोझलांना एकमेकांशी जोडणाऱ्या परतीच्या पातळ कापडी-रबरी नळ्याही पाहाव्यात. त्या स्वस्त असतात, आणि एक फाटली असेल तर सर्व एकदम बदलणेच शहाणपणाचे.

हीटर प्लग कसे तपासावेत?

आधी प्लगच्या पट्टीवर चावी चालू केल्यानंतर वीज येते का ते पाहावे. येत नसेल तर रिले, टायमर किंवा मोठा फ्यूज तपासावा. वीज येत असेल तर पट्टी काढून प्रत्येक प्लगचा रोध स्वतंत्रपणे मोजावा. चांगला प्लग साधारण ०.५ ते १.५ ओहम दाखवतो. मीटरवर तुटलेले सर्किट दिसले तर तो प्लग मेलेला आहे. पट्टी न काढता मोजल्यास सर्व प्लग एकमेकांशी जोडलेले असल्याने आकडा फसवा येतो. बाहेर काढलेला प्लग थेट बॅटरीवर लावून लाल होतो का हे पाहण्याची पद्धत प्रचलित आहे, पण काही गाड्यांचे प्लग १२ व्होल्टपेक्षा कमी दाबाचे असतात आणि ते अशा चाचणीतच जळतात. आधी प्लगवर छापलेले व्होल्टेज वाचावे.

प्लग काढताना इंजिन कोमट असावे, मुळाशी गंज सोडवणारे तेल टाकून वेळ द्यावा आणि जोर लावू नये. हेडमध्ये (सिलिंडरांवरच्या झाकणासारख्या भागात) तुटलेला प्लग काढण्यासाठी कधी कधी पूर्ण हेड उतरवावे लागते. ज्या इंजिनात डिझेल आधी छोट्या पूर्वकक्षात फवारले जाते त्याला साधारण हवामानातही प्लग लागतात. ज्यात ते थेट पिस्टनवर फवारले जाते ते इंजिन उबदार हवेत प्लगशिवायही सुरू होते. त्यामुळे दुसऱ्या प्रकारच्या इंजिनात चार पैकी तीन प्लग गेलेले असूनही थंडी येईपर्यंत मालकाला ते कळत नाही.

चावी बंद केली तरी इंजिन बंद होत नाही. हे धोकादायक आहे का?

सोलेनॉइडचा दट्ट्या कचऱ्यामुळे अडकला असेल, किंवा व्हॅक्यूमने बंद होणाऱ्या इंजिनात व्हॅक्यूमची नळी सुटली असेल, तर असे होते. पंपावर हाताने बंद करण्याचा लिव्हर असल्यास तो ओढावा. नसल्यास समोर मोकळी जागा असल्याची खात्री करून वरचा गिअर टाकावा, ब्रेक पूर्ण दाबून धरावा आणि क्लच सोडून इंजिन बंद पाडावे. दुरुस्ती होईपर्यंत गाडी वापरू नये.

धुराच्या रंगावरून काय समजते?

बरेच काही समजते, पण रंगाबरोबर वेळ आणि वासही पाहावा लागतो.

काळा धूर म्हणजे हवेच्या मानाने डिझेल जास्त. एअर फिल्टर चोंदणे हे सर्वांत साधे कारण. फिल्टर काढून थोडा वेळ उभ्या जागी इंजिन चालवून फरक पडतो का ते पाहता येते, पण टर्बो (इंजिनात दाबाने हवा भरणारा पंखा) असलेल्या गाडीत तेही टाळावे. टर्बोनंतरच्या रबरी होजला भेग असली तर दाब निसटतो आणि गाडी काळा धूर ओकते, शिवाय ओढही धरत नाही. नोझल फवारा मारण्याऐवजी थेंब टाकत असेल तरीही धूर काळाच येतो. ब्रेक चिकटून चाक जड फिरत असेल, तर इंजिनावर विनाकारण भार येतो आणि तोच धूर दिसतो, म्हणून लांब अंतर चालवल्यावर चारही चाकांच्या उष्णतेची तुलना जरूर करावी. डिस्कला किंवा ड्रमला हात न लावता, थोड्या अंतरावरून तळवा धरून.

पांढरा धूर थंड इंजिन सुरू झाल्यावर एक-दोन मिनिटांत जात असेल आणि तेवढा वेळ इंजिन मिसिंग करत असेल, तर एखादा हीटर प्लग बंद आहे. गरम झाल्यावरही धूर राहिला आणि डोळे चुरचुरतील असा कच्च्या डिझेलचा वास येत असेल, तर पंपाचे टायमिंग उशिराचे आहे किंवा कॉम्प्रेशन कमी आहे. वास गोडसर असेल आणि रेडिएटरमधील पातळी घटत असेल, तर कूलंट सिलिंडरमध्ये जात आहे.

निळा धूर म्हणजे ऑइल जळणे. रात्रभर उभी राहिल्यावर सुरुवातीचा एक झोत निळा येणे, किंवा लांब उतारावर पाय सोडून आल्यानंतर पुन्हा ॲक्सिलरेटर दाबताना तो येणे, हे व्हॉल्व्ह सील आणि गाइड झिजल्याचे लक्षण आहे. भारावर सतत येणारा निळा धूर पिस्टनच्या रिंगांकडे किंवा टर्बोकडे बोट दाखवतो.

गाडीची ओढ कमी झाली आहे, पण धूर नाही. कारण काय असावे?

धूर नसणे म्हणजे डिझेलच कमी मिळणे. एकाला पॅडल तळापर्यंत दाबायला सांगून पंपावरचा लिव्हर त्याच्या थांब्याच्या स्क्रूला टेकतो का ते पाहावे; ताणलेल्या केबलमुळे किंवा पायाखालच्या जाड मॅटमुळे तो अर्ध्यावर थांबलेला असतो. त्यानंतर फिल्टर बदलावा. टाकीच्या झाकणाचे हवेचे छिद्र बुजले असेल तर टाकीत पोकळी तयार होते, म्हणून झाकण सैल करून गाडी चालवून पाहावी. पंपावरचा सीलबंद स्क्रू फिरवून डिझेल वाढवण्याचा मोह टाळावा. त्याने ओढ वाढते हे खरे, पण त्याबरोबर सिलिंडरमधील उष्णताही वाढते, आणि ज्या कारणाने ओढ कमी झाली होती ते कारण तसेच राहते.

एक सिलिंडर काम करत नाही असे वाटते. तो कसा ओळखावा?

यांत्रिक पंपाच्या इंजिनात, आयडलवर (ॲक्सिलरेटर न दाबता), डोळ्यांवर चष्मा आणि हातात मोजे घालून एका वेळी एकाच नोझलच्या नळीचा नट कापडाखाली किंचित सैल करावा. इंजिनाचा आवाज बदलला आणि ते थरथरले, तर तो सिलिंडर काम करत होता. काहीच फरक पडला नाही, तर दोषी तोच. त्यानंतर त्याचे नोझल शेजारच्या सिलिंडरमधील नोझलशी अदलाबदल करावे. दोष नोझलबरोबर सरकला तर नोझल खराब, जागेवरच राहिला तर कॉम्प्रेशन किंवा पंपाचा तो मार्ग पाहावा. प्रत्येक वेळी खालचा तांब्याचा वॉशर नवा घालावा आणि बैठकीतील काजळी पूर्ण काढावी. जुना वॉशर पुन्हा वापरल्यास ज्वलनाचा वायू कडेने निसटतो, ‘चक्‌ चक्‌’ असा आवाज येतो आणि नोझलभोवती डांबरासारखा काळा थर साचतो.

खडखडीत ठोका येत असेल तर हीच चाचणी करावी. नट सैल केल्यावर ठोका पूर्ण गेला, तर तो बहुधा नोझलचा असतो, आणि बेअरिंगच्या भीतीने इंजिन उघडण्याची गरज पडत नाही.

जुना डिझेल पंप बाहेरून गळतो. त्याचे काय करावे?

गंधकाचे प्रमाण कमी केलेले डिझेल वापरात आल्यानंतर जुन्या नायट्राइल रबराची सीले आकसून गळू लागल्याचा अनुभव ठिकठिकाणी आला. जैवडिझेलचे मिश्रणही काही जुन्या रबरांना मानवत नाही. वरच्या झाकणाची किंवा लिव्हरच्या दांड्याची गळती सील किट घालून थांबवता येते. पंपाचा आतील भाग मात्र चाचणी बेंच असलेल्या कारागिराकडूनच करून घ्यावा. पंप उतरवण्याआधी त्याच्या बैठकीवर आणि इंजिनावर मिळून एक सरळ रेघ कोरावी, म्हणजे परत बसवताना टायमिंगचा निदान आरंभबिंदू हाती राहतो.

इंजिन गरम होते. थर्मोस्टॅट काढून टाकला तर चालेल का?

नाही. थर्मोस्टॅट नसलेले इंजिन थंडच राहते. थंड सिलिंडरमध्ये डिझेल पूर्ण जळत नाही, ते ऑइलमध्ये उतरते आणि झीज वाढते. काही इंजिनांत तर थर्मोस्टॅट काढल्याने पाणी रेडिएटर चुकवून बायपासने फिरते आणि उष्णता उलट वाढते. थर्मोस्टॅटचा संशय असेल तर तो पाण्यात टांगून पाणी तापवावे आणि थर्मामीटर लावावा. त्यावर कोरलेल्या तापमानाला, जे बहुधा ८२ अंश सेल्सिअसच्या आसपास असते, तो उघडू लागला पाहिजे.

गाडी केव्हा गरम होते यावर पुढचा शोध ठरतो. उभ्या जागी किंवा सावकाश चालताना गरम होऊन वेगात थंड होत असेल, तर हवेचा प्रवाह कमी आहे, म्हणून पंख्याचे व्हिस्कस कपलिंग (इंजिन तापल्यावर पंख्याला जोर देणारा, द्रव भरलेला जोड) तपासावे. गरम इंजिन बंद करून, चावी काढून, पंखा हाताने फिरवावा. तो अडत अडत फिरायला हवा. भिरभिरत राहिला तर कपलिंगमधील द्रव गेला आहे. वेगात आणि चढावर गरम होत असेल, तर रेडिएटर आतून चोंदला आहे किंवा जाळीत बाहेरून माती बसली आहे. एसीचे कंडेन्सर पुढे असल्यास त्या दोघांच्या मधल्या फटीत कचऱ्याची गादी जमते आणि ती पुढून दिसतच नाही. वॉटर पंपाखालच्या छोट्या छिद्रातून ओघळ येत असेल, तर पंपाचे सील गेले. रेडिएटरचे झाकणही तपासावे: ते साधारण ०.९ ते १.१ बार दाब धरते, आणि दाब धरला नाही तर कूलंट लवकर उकळते. गरम इंजिनावर हे झाकण कधीही उघडू नये.

हेड गॅस्केटची (हेड आणि ब्लॉक यांमधल्या सीलची) शंका असेल तर पूर्ण थंड इंजिन सुरू करून मिनिटभरात वरचा होज दाबून पाहावा. पाणी तापण्याआधीच तो दगडासारखा झाला, तर सिलिंडरमधील वायू पाण्यात शिरत आहे. रंग बदलणाऱ्या रसायनाची चाचणी याची पुष्टी करते. गॅस्केट बदलताना हेडची सपाटी सरळपट्टी आणि फिलर गेजने तपासल्याशिवाय ते बसवू नये. अनेक डिझेल इंजिनांत पिस्टन ब्लॉकच्या वर किती येतो यावर गॅस्केटची जाडी ठरते आणि ती गॅस्केटच्या काठावरील खाचांनी किंवा छिद्रांनी दाखवलेली असते. जुन्या गॅस्केटवरील खुणा पाहून तीच जाडी घेणे साधारणपणे योग्य. मात्र ब्लॉक घासला असेल किंवा पिस्टन बदलले असतील तर पुन्हा मोजावे लागते.

डिपस्टिकवर ऑइलची पातळी वाढलेली दिसते. ही चांगली गोष्ट आहे का?

ही अतिशय वाईट गोष्ट आहे आणि गाडी तेथेच थांबवावी. ऑइल दुधट झाले असेल तर पाणी मिसळले आहे. पातळ झाले असेल आणि डिझेलचा वास येत असेल, तर डिझेल उतरते आहे. ते गळक्या नोझलमधून, पंपाच्या दांड्याच्या सीलमधून किंवा ब्लॉकवर बसवलेल्या फीड पंपाच्या फाटलेल्या डायफ्रॅममधून येऊ शकते. पातळ ऑइलमुळे बेअरिंग जातात, आणि पातळी फार वाढल्यास इंजिन तेच ऑइल ओढून बेफाम होण्याचा धोका असतो.

इंजिन बेफाम होणे म्हणजे काय, आणि त्या वेळी काय करावे?

टर्बोचे सील फुटले किंवा ऑइलची पातळी वाढली, तर ऑइल हवेच्या वाटेने सिलिंडरमध्ये जाते आणि इंजिनाला इंधन म्हणून पुरते. मग चावी बंद करूनही वेग वाढतच जातो. चालक आत असेल तर वरचा गिअर, पूर्ण ब्रेक आणि क्लच सोडणे हा पहिला उपाय. बाहेरून हवेचे तोंड जाड लाकडी फळीने बंद करता येते. हात किंवा कापड वापरू नये, कारण ओढ फार मोठी असते. कार्बन डायऑक्साइडचे अग्निशामक त्या तोंडात सोडल्यानेही इंजिन थांबते. यांतले काहीच शक्य नसेल तर गाडीपासून दूर जावे. तुकडे उडू शकतात.

टर्बोची नियमित तपासणी करताना हवेकडील होज काढून दांडा बोटांनी हलवावा. आडवी किंचित ढिलाई चालते, पण पंख्याची पाती घराला घासल्याच्या खुणा दिसल्या तर टर्बो उतरवावाच. भारावर चालून आल्यावर मिनिटभर आयडलवर ठेवून मग इंजिन बंद केल्याने टर्बोचे आयुष्य वाढते.

टायमिंग पट्टा केव्हा बदलावा?

उत्पादकाने दिलेले किलोमीटर किंवा वर्षे यांपैकी जे आधी भरेल तेव्हा. गाडी कमी चालली म्हणून पट्टा तरुण राहत नाही. डिझेल इंजिनात पिस्टन आणि व्हॉल्व्ह यांमध्ये जागा फारच थोडी असल्याने पट्टा तुटला की व्हॉल्व्ह वाकतात. जुनी गाडी घेतली आणि पट्टा बदलल्याची नोंद मिळाली नाही, तर पट्टा आणि त्याचे टेन्शनर लगेच बदलावेत. ज्या इंजिनात गिअर किंवा साखळी आहे, तेथे हा प्रश्न येत नाही.

क्लच घसरतो आहे की दुसरे काही आहे?

चढावर वरच्या गिअरमध्ये इंजिनाचा वेग वाढला पण गाडीचा वाढला नाही, तर प्लेट घसरते आहे. पॅडल दाबल्यावर आवाज सुरू होत असेल तर रिलीज बेअरिंग, आणि न्यूट्रलमध्ये असलेला आवाज पॅडल दाबल्यावर थांबत असेल तर गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचे बेअरिंग. रिव्हर्स टाकताना दात करकरत असतील, तर गिअरबॉक्स उतरवण्याआधी क्लचच्या खालच्या सिलिंडरचे रबरी टोपण उचलून आत ओल आहे का पाहावे.

ब्रेक पॅडल लाकडासारखे कडक झाले आहे. का?

डिझेल इंजिनाच्या इनटेकमध्ये ब्रेक बूस्टरला (पायाचा जोर वाढवणाऱ्या भागाला) पुरेल असे व्हॅक्यूम तयार होत नाही, म्हणून त्याला वेगळा व्हॅक्यूम पंप लागतो. अनेक जुन्या पिकअपमध्ये तो अल्टरनेटरच्या पाठीमागे असतो. इंजिन बंद ठेवून पॅडल चार-पाच वेळा दाबावे, मग दाबून धरून इंजिन सुरू करावे. पॅडल थोडे खाली गेले पाहिजे. न गेल्यास व्हॅक्यूमची नळी, तिचा एकदिशा व्हॉल्व्ह, पंप आणि बूस्टर या क्रमाने तपासावे. पॅडल मऊ लागत असेल तर प्रश्न हवेचा किंवा गळतीचा आहे. ब्रेक द्रव हवेतील ओल शोषतो, म्हणून तो सुमारे दोन वर्षांनी बदलावा.

मागच्या ॲक्सलला जोडलेला, भारानुसार मागील ब्रेकचा दाब ठरवणारा व्हॉल्व्ह हा पिकअपचा खास भाग आहे. मागच्या स्प्रिंगमध्ये जादा पाटे घालून गाडीची मागची बाजू उचलली की त्याचा लिव्हर गाडी रिकामी असल्यासारखा खाली लटकतो, आणि भरलेल्या गाडीत मागचे ब्रेक कमी लागतात. पाट्यांचे काम केल्यावर हा लिव्हर उत्पादकाच्या मापाने पुन्हा जुळवून घ्यावा. हे काम विसरणे थेट जिवावर बेतू शकते.

गाडी उचल घेताना खालून ‘टक’ असा आवाज येतो आणि काही वेगाला स्टिअरिंग थरथरते. दोन्ही एकच दोष आहे का?

सहसा नाही. ‘टक’ आवाज प्रोपेलर शाफ्टच्या (गिअरबॉक्सपासून मागच्या ॲक्सलपर्यंत जाणाऱ्या फिरत्या दांड्याच्या) क्रॉसचा, म्हणजे सांध्याचा, असतो. चाकांना ओट लावून, न्यूट्रलमध्ये शाफ्ट हाताने मागेपुढे पिळल्यास ढिलाई जाणवते, आणि क्रॉसच्या टोपीभोवती तांबूस पूड दिसली तर आतले ग्रीस संपले आहे. दोन भागांच्या शाफ्टमध्ये मधल्या बेअरिंगचे रबरही फाटते. स्टिअरिंगच्या थरथरीसाठी प्रथम चाकांचे बॅलन्सिंग, मग टाय रॉड एंड आणि बॉल जॉइंट, मग पाट्यांचे व शॅकलचे बुश तपासावेत.

बॅटरी चार्ज होत नाही. अल्टरनेटर बदलावा का?

इंजिन चालू असताना बॅटरीवर साधारण १३.८ ते १४.४ व्होल्ट दिसले, तर अल्टरनेटर ठीक आहे. कमी दिसले तर आधी पट्टा आणि डॅशबोर्डवरील चार्जिंगचा दिवा पाहावा. अनेक जुन्या गाड्यांत अल्टरनेटरला सुरुवातीचा करंट त्या दिव्यातूनच मिळतो. दिवा उडालेला असेल तर चांगला अल्टरनेटरही चार्जिंग सुरू करत नाही.

इंजिन उघडावे की नाही हे कसे ठरवावे?

कॉम्प्रेशन मोजून. चांगल्या डिझेल इंजिनात ते साधारण २५ ते ३० बार असते. २० च्या खाली गेले, किंवा सिलिंडरांमध्ये ३ ते ५ बारांहून अधिक फरक आला, तर उघडण्याचा विचार करावा. पेट्रोल इंजिनाचा गेज वापरू नये, तो या दाबाला फुटतो. रिंगांची शंका तपासण्यासाठी सिलिंडरमध्ये ऑइल टाकण्याची पद्धत येथे जपून वापरावी. डिझेलचा ज्वलनकक्ष इतका लहान असतो की थोडे ऑइल जास्त झाले तरी पिस्टन द्रवावर आदळून कनेक्टिंग रॉड वाकतो. साधा अंदाज घ्यायचा तर आयडलवर ऑइल भरण्याचे झाकण काढून पाहावे. हलकी फुंकर चालते. झाकण उडेल एवढा झोत असेल तर रिंगा आणि लाइनर झिजले आहेत.

चुकून पेट्रोल भरले तर?

चावी चालूसुद्धा करू नये. पंपाच्या आतील भागांना डिझेलच वंगण देते आणि पेट्रोलमुळे ते कोरडे पडतात. टाकी पूर्ण रिकामी करावी. इंजिन थोडे चालले असेल तर लाइन धुऊन फिल्टरही बदलावा.

जुनी पिकअप दुरुस्त करण्याजोगी आहे की नाही हे कशावरून ठरवावे?

माझ्या मते चासीवरून. इंजिन, गिअरबॉक्स, पंप हे सर्व बदलता येते, पण सडलेल्या चासीवर केलेला खर्च वाया जातो. पाट्यांचे हँगर, मागच्या चाकांमागचा भाग, कॅबिन आणि हौद्याचे माउंटिंग आणि आडवे मेंबर येथे छोट्या हातोडीने ठोकत जावे. धडधाकट लोखंड खणखणीत वाजते, सडलेले दबका आवाज देते आणि पापुद्रे सोडते. पेटीसारख्या बंद भागात गंज आतून बाहेर येतो, म्हणून बाहेर फुगलेला रंग दिसला की आत अर्धी जाडी गेलेली असू शकते. हँगरजवळ भेग किंवा छिद्र आढळल्यास वरून पट्टी ठिगळासारखी न लावता निरोगी धातूपर्यंत कापून, चासीच्या कामाचा अनुभव असलेल्या वेल्डरकडून ते करून घ्यावे. वेल्डिंगआधी बॅटरीची दोन्ही टोके आणि अल्टरनेटरच्या वायरी सोडवाव्यात, आणि डिझेलच्या व ब्रेकच्या नळ्या त्या जागेपासून दूर सरकवाव्यात.